पेटीतलं काय ठेवू, काय टाकू?

नाशिकच्या सिडकोतून एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं तिनं कळवलंय, म्हणून पत्र थोडं आटोपून देते.

"ताई, लग्नाला चार वर्षं झाली. रुखवतात मेकअपची पेटी होती. सणावाराला, लग्नकार्यालाच उघडते, त्यामुळे निम्म्याहून जास्त सामान तसंच आहे. मे महिन्यात नणंदेचं लग्न आहे म्हणून परवा पेटी काढली. काजळ लावलं आणि दहा मिनिटांत डोळ्यांतून पाणी. मस्कारा घट्ट झालाय, फाउंडेशनवर तेल तरंगतंय. सासूबाई म्हणतात, एवढं महागाचं टाकायचं कशाला, कंपन्या माल खपवायला तारखा छापतात. फारच वाटलं तर धुणंभांडी करणाऱ्या मावशींना देऊन टाक. खोकी कधीच फेकली गेली, त्यामुळे तारखाही माहीत नाहीत. आणि एक सांगू? पाच लिपस्टिकांतली मरून रंगाची आईनं मेन रोडवरून घेऊन दिली होती. आई गेल्या वर्षी गेली. ती मला टाकवत नाही. काय ठेवू, काय टाकू?"

अगं, आधी डोळ्यांचं बोलू. पाणी आलं ते थांबलं का, हे तू लिहिलेलं नाहीस. अजून लाली असेल, सकाळी पापण्या चिकटत असतील, उजेड सहन होत नसेल किंवा अंधुक दिसत असेल, तर पुढचं नंतर वाच आणि आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. जाताना ते काजळ सोबत ने. मेडिकलवाल्याला विचारून थेंब आणू नकोस. घरात कुणाच्या तरी जुन्या दुखण्यातले उरलेले थेंब असतात, ते तर अजिबात घालू नकोस. त्यातल्या काहींत स्टिरॉइड असतं आणि डोळ्यात जंतुसंसर्ग असेल तर त्यानं तो आणखी बळावतो. डोळा पूर्ण निवळेपर्यंत त्याला काहीही लावायचं नाही, लग्न तोंडावर असलं तरी.

आता तारखांचं. सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. खोक्यावरची तारीख उलटली म्हणून दुसऱ्या दिवशी पावडरचं विष होत नाही, हे खरंच आहे. पण ती तारीख असते न उघडलेल्या वस्तूची. झाकण उघडलं की दुसरं घड्याळ सुरू होतं, आणि आपल्याकडे ते कुणी बघत नाही. डबीच्या किंवा नळीच्या मागे बारीक चित्र असतं, झाकण उघड्या बरणीचं. त्यात ६ एम, १२ एम, २४ एम असं काहीतरी लिहिलेलं असतं. उघडल्यापासून इतके महिने, एवढाच त्याचा अर्थ. दोन्हींतली जी मुदत आधी संपेल ती खरी. खोकी गेली म्हणतेस, तर ट्यूबची चपटी दाबलेली कड उजेडात धरून बघ, तिथे आकडे ठोकलेले असतात. लिपस्टिकच्या बुडाशी गोल स्टिकर असतो. पण चार वर्षांपूर्वी उघडलेल्या वस्तूंसाठी तो शोध घेण्यातही अर्थ नाही.

सासूबाईंना हे समजावणं अवघड नाही. लोणच्याच्या बरणीत त्या तुला ओला चमचा घालू देतील का? मीठ-तेल सगळं बेतानं असतं, बरणी उन्हात वाळवलेली असते, तरी एका ओल्या चमच्यानं वर बुरशी धरते. मस्काराचं नेमकं तेच होतं. ब्रश पापण्यांवरून फिरतो, तिथले जंतू, घाम, डोळ्यातली ओल घेऊन परत नळीत जातो. आत अंधार, ओलावा आणि बंद तोंड. त्यात भर म्हणजे मस्कारा नीट निघावा म्हणून आपण ब्रश चार वेळा आत-बाहेर करतो. प्रत्येक वेळी हवा आत कोंबली जाते आणि उरलेला मस्कारा वाळत जातो. जंतू वाढू नयेत म्हणून कंपनी प्रिझर्व्हेटिव्ह घालते, पण ते काही महिने झुंजतं, वर्षानुवर्षं नाही. म्हणून मस्कारा तीन महिने. लिक्विड लायनर तीन ते फार तर सहा. इथे मी तडजोड करत नाही, आणि का करत नाही तेही सांगते.

पंचवटीत मी बरीच वर्षं पार्लर चालवलं. गिऱ्हाइकाच्या बाबतीत मी काटेकोर होते, स्वतःच्या पर्सकडे मात्र दुर्लक्ष. एका एप्रिलमध्ये लागोपाठ लग्नाच्या ऑर्डरी होत्या. दिवाळीच्या आसपास कधीतरी उघडलेला मस्कारा मी घाईत लावला. घट्ट झाला होता, म्हणून दोन थेंब पाणी घालून ढवळला. लावताना ब्रशचं टोक डोळ्याला किंचित टोचलं. चोळलं, पुसलं, कामाला लागले. दुसऱ्या दिवशी वाळू गेल्यासारखं खुपत होतं, तिसऱ्या दिवशी डोळा उघडेना. डॉक्टरांनी डोळ्यात पिवळा रंग घातला आणि निळ्या उजेडात बघितलं. माझी मुलगी शेजारी उभी होती, तिला त्यांनी दाखवलं. बुबुळावर हिरवी चमकणारी एक रेघ, केसाएवढी. ओरखडा साधाच होता, पण त्यातून जंतू आत शिरले होते. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "ही नळी कधी उघडलीत?" मला सांगता आलं नाही. पार्लर चालवणाऱ्या बाईला सांगता आलं नाही. दोन नवऱ्यामुलींच्या ऑर्डरी मला दुसरीकडे द्याव्या लागल्या, आणि डोळा वाचला तो वेळेवर गेले म्हणून. घट्ट झालेल्या मस्कारात पाणी, गुलाबपाणी, डोळ्यांचे थेंब काहीही घालायचं नाही. थुंकी लावून ब्रश ओला करणाऱ्याही मी पाहिल्यात. पाण्यानं मस्कारा पातळ होतो आणि प्रिझर्व्हेटिव्हही पातळ होतं, म्हणजे उरलंसुरलं रक्षण आपण आपल्या हातानं काढून टाकतो.

तेव्हापासून माझ्या घरात प्रत्येक नळीवर चिकटपट्टीचा तुकडा असतो आणि त्यावर उघडल्याची तारीख. बॉलपेननं लिहिलेलं पुसतं, मार्कर वापर.

तुझं काजळ पेन्सिलचं आहे की फिरवून वर येणारं? पेन्सिल असेल तर ती एरवी वर्षभर चालते, कारण प्रत्येक वेळी थोडी तासली की वापरलेला थर निघून जातो. शार्पनरही पुसून ठेवायचा. फिरवून वर येणाऱ्या काजळाला ती सोय नसते. टोक टिश्यूनं पुसता येतं, एवढंच. तुझं कोणतंही असो, चार वर्षं आणि वर डोळ्यातून पाणी म्हणजे विषय संपला. घरी दिव्यावर धरलेलं एरंडेलाचं किंवा तुपाचं काजळ सुरक्षित, असं कुणी सांगेल. त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतंच आणि डबीत रोज बोट जातं. घरचं म्हणून ते जास्त टिकत नाही, उलट लवकर खराब होतं. पापणीला वरचेवर रांजणवाडी होणाऱ्या मुली माझ्याकडे येत, त्यांना मी पहिलं काजळाची डबी दाखवायला सांगायचे.

आणि डोळे आले की सुरू असलेलं डोळ्यांचं सगळं सामान टाकायचं, काल आणलेलं असलं तरी. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ होती, आठवत असेल. टॉवेल वेगळे केले, उशीचे अभ्रे उकळले, आणि बऱ्या झाल्यावर पुन्हा तीच काजळ पेन्सिल डोळ्यात घातली, अशा कितीजणी मला भेटल्या.

फाउंडेशनकडे येऊ. वर तेल तरंगतंय म्हणजे पाणी आणि तेल एकत्र धरून ठेवणारी जुळणी सुटली. काही फाउंडेशनांत थोडं तेल वर येतं आणि हलवलं की मिसळतं, ते ठीक. पण जोरात हलवूनही मनगटावर कणीदार उतरत असेल, रंग केशरी किंवा काळपट झाला असेल, आंबूस वास येत असेल, तर चेहऱ्यावर नको. उघडलेलं लिक्विड फाउंडेशन सहा महिने ते वर्ष एवढंच. पंपाच्या बाटलीत ते जास्त नीट राहतं, तोंड उघडं असलेल्या बरणीत बोट घालून काढलं की लवकर जातं. इथे एक खोटी खात्री घात करते. आपण वास घेतो, काही जाणवत नाही, म्हणून वापरतो. वास बदलला तर वस्तू नक्की खराब आहे. वास बदलला नाही म्हणून ती चांगली आहे, असं मात्र नाही. जंतूंना वास असलाच पाहिजे असं कुठे आहे? कोपरावर लावून बघण्याच्या चाचणीचंही तेच. तिनं खाज, ॲलर्जी कळते, जंतू कळत नाहीत.

कॉम्पॅक्ट, ब्लश, आयशॅडो या कोरड्या गोष्टींत पाणी नाही, म्हणून त्या दोन वर्षं निवांत जातात. वर चकचकीत कडक पापुद्रा धरला असेल तर तो चेहऱ्याच्या तेलाचा असतो, चिकटपट्टी लावून उचलला की खालची पावडर मोकळी होते. कॉम्पॅक्टसाठी मी अडून बसत नाही. पण त्याच्यासोबतचा पफ चार वर्षं न धुता वापरला असेल तर तो आधी टाक. तोंडावर पुरळ येतं तेव्हा आपण क्रीमला दोष देतो, आणि गुन्हेगार असतो पफ किंवा स्पंज. स्पंज वापरून झाला की धुवायचा, तीन-एक महिन्यांनी बदलायचा. ब्रश आठवड्या-दहा दिवसांनी शाम्पूनं धुऊन केस खाली उतरते ठेवून वाळवायचे, नाहीतर पाणी दांड्याच्या डिंकात उतरतं आणि केस गळतात. नेलपॉलिशची काळजी करू नकोस, घट्ट झालं की त्याचं तेच सांगतं.

तू लिहिलेलं नाहीस, पण सनस्क्रीन तपासच. मुदत संपलेल्या सनस्क्रीननं त्वचा बिघडेलच असं नाही, मात्र ती ऊन अडवेल याचा भरवसा उरत नाही, आणि आपण लावलंय म्हणून निर्धास्त फिरतो. आपल्याकडे बहुतेकींची सनस्क्रीनची ट्यूब, लिप बाम आणि कधीकधी काजळही स्कूटीच्या डिकीत असतं. सिडकोतून कॉलेज रोडला जाऊन, दुपारी दोन तास गाडी उन्हात उभी करून परत आलीस की डिकीत हात घालून बघ, चटका बसतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला असा आहे की साधारण २९ अंश सेल्सिअसच्या वर राहिलेली डोळ्यांची प्रसाधनं वापरू नयेत, कारण त्या उष्णतेत प्रिझर्व्हेटिव्ह कमजोर पडू शकतं. नाशिक थंड हवेचं, ही आपली जुनी समजूत. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या आसपास जातो आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट रात्रीपर्यंत तापलेलं असतं. तुझ्या पेटीनं असे चार उन्हाळे काढलेत. पेटी घरातल्या सगळ्यात गार, कोरड्या कोपऱ्यात ठेव. न्हाणीघरात नको, तिथे वाफ धरते. फ्रीजची गरज नाही. काढ-घाल केली की डबीवर दव धरतं आणि कोरड्या वस्तूत ओल जाते.

आता सासूबाईंचा दुसरा मुद्दा, मावशींना देण्याचा. त्यांच्या मनात वाईट काही नाही, वस्तू वाया जाऊ नये एवढंच आहे, हे मला ठाऊक आहे. पण जे तुझ्या डोळ्याला झोंबलं ते मावशींच्या डोळ्याला झोंबणार नाही का? तुझा डोळा दुखला तर तू रजा टाकशील. त्यांचे त्या दिवसाचे पैसे जातील आणि डॉक्टरची फी वर. त्यांना द्यायचंच असेल तर न उघडलेली, मुदतीतली एखादी लिपस्टिक दे, किंवा लग्नात सगळ्यांसाठी काजळ घेशील तेव्हा एक त्यांच्यासाठी घे. घरातल्या लहान मुलींना खेळायलाही जुनं सामान देऊ नकोस. ते हमखास तोंडात आणि डोळ्यात जातं. टाकताना मस्काराचा ब्रश मोड, लिपस्टिक ठेचून कागदात गुंडाळ, मगच घंटागाडीत सुक्या कचऱ्यात दे. कचरा वेचणाऱ्या पोरींना रंगीत नळी सापडली की त्या ती लावून बघतात. मी पाहिलंय. नेलपॉलिश आणि फाउंडेशन मोरीत ओतू नकोस.

पैशाबद्दल एक सांगते. तुझे पैसे आज टाकताना जात नाहीयेत, घेतले त्या दिवशीच गेले. सणावाराला मेकअप करणारीनं मोठी पेटी घेणं हेच महागात पडतं. मस्कारा आणि फाउंडेशन छोट्या आकारात मिळतं, तेच घे. नव्या वस्तू आज आणून उघडू नकोस. मस्कारा लग्नाच्या आठवड्यात उघड, म्हणजे त्याचे तीन महिने मे ते जुलै तुझ्या कामी येतील. फाउंडेशन मात्र चार दिवस आधी उघडून कानामागे लावून बघ. ऐन हळदीच्या दिवशी चेहरा लाल झाला तर काय करशील?

घेताना खोका हातात घेऊन वाच. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे त्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख असावी लागते. बाहेरून आलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक. तारखेवर दुसरा स्टिकर डकवला असेल, छापील आकडा खरवडलेला असेल, नावाजलेल्या ब्रँडची वस्तू रस्त्यावर चौथ्या हिश्शात मिळत असेल, तर हात मागे घे. भद्रकाली असो नाही तर ऑनलाइन सेल, नियम तोच. ऑनलाइन सेलमध्ये मुदत संपत आलेला माल हमखास खपवला जातो, पार्सल उघडल्याबरोबर तारीख बघ आणि नसेल पटली तर परत कर. बिल जपून ठेव. फसवणूक वाटली तर नाशिकच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार करता येते.

लग्नघराचंही सांगायला हवं, कारण तू करवली असणार. करवल्यांच्या खोलीत एकच काजळ आठ जणींच्या डोळ्यांतून फिरतं. कुणी कुणाला नाही म्हणत नाही. तू म्हण. प्रत्येकीची आपली पेन्सिल, आणि नसेल तर त्या दिवशी काजळ नाही. पार्लरवाल्या ताई येतील त्यांना आधीच विचार, मस्कारासाठी प्रत्येकीला वेगळा, वापरून टाकायचा ब्रश आणतात का. चांगल्या असतील तर त्यांना राग येणार नाही.

राहिली आईची लिपस्टिक. बाकीच्या चार तपासून घे. लिपस्टिक मेण आणि तेलाची, पाण्याविना, म्हणून ती वर्ष-दोन वर्षं टिकते. उन्हाळ्यात तिच्यावर घामासारखे बारीक थेंब येतात. ते आतलं तेल बाहेर आलेलं असतं, तेवढ्यानं ती वाया जात नाही. पण जुन्या खोबऱ्यासारखा खवट वास येत असेल, वर पांढुरके ठिपके असतील, ओठांवर ओढताना खडबडत असेल, तर ती गेली. चार वर्षांत त्या बहुतेक गेल्याच असणार.

मरून लिपस्टिक टाकू नकोस. ओठांना लावू नकोस, पण टाकू नकोस. टोक टिश्यूनं पुसून, नीट बंद करून, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेव. त्याआधी एकदा ती पर्समध्ये घालून मेन रोडला ने. आईनं घेतलेलं दुकान आठवत असेल तर तिथेच जा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंग जुळवू नकोस. मनगटाच्या आतल्या बाजूला एक रेघ जुनीची ओढ, शेजारी नवीची, दुकानाच्या पायरीवर येऊन उन्हात बघ. दुकानातला टेस्टर ओठांना लावायचा नाही, तोही शंभर जणींचा असतो. मरूनमध्ये कुठे तपकिरी झाक असते, कुठे जांभळी, दोन-तीन ठिकाणी फिरावं लागेल. सासूबाईंना सोबत ने, रंग ओळखण्यात त्या वयाच्या बायकांचा हात कुणी धरत नाही. मिळाली की ती लावून नणंदेच्या लग्नात उभी राहा, आणि घरी आल्यावर तिच्या बुडाशी चिकटपट्टी लावून तारीख लिही.